चढाच्या रेघा

मी रेघा सरळ केल्या. गुन्हा एवढाच. आणि तोसुद्धा इतका जीव लावून केला की मला वाटत होतं, आता शाल मिळते की नुसत्या नारळावर भागवतात.

तासगावात माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. बारसं, लग्न, वास्तुशांत, उत्तरकार्य, माणसाचा सगळा प्रवास माझ्या एका संगणकातून जातो. वाकडं दिसलं की सरळ करायचं हा माझा धंदा, आणि सुनीता म्हणते तसा आजारही. सुनीता म्हणजे माझी बायको. आमच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी कॅलेंडर टांगलेलं असतं. सिलिंडर कधी लावला ते त्यावर लिहायचं म्हणून ती ते एका बाजूनं ओढते, लिहिते आणि तसंच वाकडं सोडून जाते. मी येता-जाता ते सरळ करतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, दोघांपैकी कुणी माघार घेतलेली नाही. अशा माणसाच्या हातात शिदू मास्तरांचे पुठ्ठे पडले, यात मास्तरांचंच नशीब खोटं म्हणायचं.

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गावाच्या हवेला एक वास चढतो. द्राक्षं तोडून, द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली की पहिले दोन-तीन दिवस तो जरा आंबूस असतो. मग गोड होतो, मग जड होतो, आणि शेवटी बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात तेव्हा नाकात टोचतो. बाहेरचा माणूस शिंकतो. आम्हाला तो टोचला की कळतं, माल आता उतरणार. यंदाही परवा दुकानाचं शटर वर करताना तो टोचला, आणि मी कुलूप हातात धरून तसाच उभा राहिलो. मला दर वर्षी आता त्या वासासोबत एक क्लॅरिनेट ऐकू येते. डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, म्हणून इथं लिहितोय.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत सुमनताई दुकानात आल्या होत्या. सावळजच्या रस्त्याला त्यांची बेदाण्याची शेड आहे. बेदाण्याच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं त्या माझ्याकडूनच छापून घेतात. त्या दिवशी लेबलांचं बोलून झालं तरी उठेनात. मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्या अण्णांचं एक काम हाय. पत्रिकेचं न्हाई. गाण्याचं."

त्यांचे अण्णा म्हणजे शिदू मास्तर. मूळचे माणचे, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतले. वडील मेंढपाळ. अठराव्या वर्षी मास्तर फौजेत गेले, तिथं बँडमध्ये पडले, पाच रेघांवर सूर लिहायला-वाचायला शिकले. निवृत्त होऊन तासगावात आले आणि लग्नाचा बँड काढला. आमच्या लग्नात त्यांचाच बँड होता. वरातीत माझ्या मामांनी नाचून नाचून पाय मुरगळून घेतला होता, तो त्यांच्याच सुरावर. पण या माणसानं वीस वर्षं गुपचूप स्वतःची एक चाल रचून ठेवली आहे, हे आम्हाला कुठून माहीत असणार? लग्नात लोकांना सिनेमातली गाणी लागतात. स्वतःची चाल मास्तरांनी कधी कुणाला वाजवायला दिलीच नव्हती. ती त्यांनी फक्त डोक्यात ऐकली होती.

आणि आता त्यांचे कान चालले होते. सुमनताईंनी ते असं सांगितलं जसं पाऊसपाण्याचं सांगावं. उजवा गेलाच होता. डाव्यालाही सांगलीच्या डॉक्टरांनी फार तर पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. आयुष्यभर कानाशी ढोल आणि पितळ, दुसरं काय होणार. फलटणच्या एका बँडमध्ये फौजेतून आलेली, वाचून वाजवणारी माणसं होती. पाडव्यानंतर त्यांची लग्नं सुरू होणार, त्याआधी एक दुपार ते मोकळे होते. पण मास्तरांची लिपी त्यांना लागत नव्हती. कुणीतरी ती वाचता येईल अशी छापून द्यायला हवी होती. "त्यांनी एकदा ऐकावं, एवढंच," सुमनताई म्हणाल्या आणि पदरानं काउंटरवरची धूळ पुसायला लागल्या, जी तिथं नव्हती.

आता हे काम माझ्याकडंच का? तर मुलगी सांगलीला कीबोर्ड शिकायला जायची तेव्हा तिच्या परीक्षेसाठी मी पाच रेघा वाचायला शिकलो होतो. तिला बारीक अक्षर दिसायचं नाही म्हणून सूर मोठे छापून द्यायचं एक सॉफ्टवेअरही शिकलो. मुलगी पुण्याला गेली, कीबोर्ड कपाटावर गेला, मी तेवढा शिकलेला राहिलो. गावात त्या विषयातला सर्वांत जाणता माणूस मीच, याचा अर्थ गावात दुसरं कुणीच नव्हतं.

मास्तर शेडच्या एका टोकाला, पत्र्याच्या खोलीत राहायचे. बाहेर हिरव्या जाळीच्या कापडाखाली थरावर थर द्राक्षं वाळत होती, बायका निवडायला बसल्या होत्या. मास्तरांनी खाटेखालून पुठ्ठे ओढले. बेदाण्याची खोकी उलगडून आतल्या बाजूवर त्यांनी ती चाल लिहिली होती. अकरा पुठ्ठे. लाकडाच्या तुकड्यात पाच खिळे ठोकून त्यांनी एक फणी केली होती. ती शाईत बुडवून ओढली की पाच रेघा एकदम उमटायच्या. रेघांवर सूर तर होतेच, पण त्यांच्या मध्ये काय काय होतं. कुत्र्याचं शेपूट. आडवी काठी. वाटोळ्यात लाट, म्हणजे पाणवठा. मध्येच कोरी जागा, आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक खूण.

मी डाव्या बाजूला बसून मोठ्यानं विचारायचो, ते सांगायचे. शेपूट म्हणजे क्लॅरिनेटनं सूर तसा हलवायचा. काठी म्हणजे सगळे गप्प. पाणवठा म्हणजे सगळ्यांनी मिळून दम घ्यायचा.

"आणि ही कोरी जागा?"

"चार बोटं हाय. चार पावलं. वाजवायचं न्हाई, चालायचं."

आमच्या ओरडण्यानं निवडणाऱ्या बायकांची करमणूक व्हायची. त्यातल्या एक आजी मला रोज विचारायच्या, आज कुत्र्याचं झालं का, का शेरडापतूर आलाईस. मी जाताना त्या मूठभर बेदाणे खिशात कोंबायच्या. त्या महिन्यात माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे चिकट झाले, आणि त्याबद्दल घरी जे ऐकावं लागलं ते वेगळं.

पंधरा दिवस मी राबलो. दिवसा पत्रिका, संध्याकाळी मास्तर. त्यांच्या चालीला मापच नव्हतं. एका घरात, म्हणजे दोन उभ्या रेघांच्या मधल्या जागेत, सात ठोके, पुढच्यात नऊ, मग पाच. ठोके ठरल्या मापापेक्षा जास्त झाले की सॉफ्टवेअर ते घर लाल करतं. माझा पडदा लग्नातल्या शालूसारखा झाला होता. तेवढं मी सांभाळून घेतलं, मापं मास्तरांचीच ठेवली, याचा मला अजून अभिमान आहे. पण रेघा? त्या काही पुठ्ठ्यांवर डावीकडून उजवीकडं चढत गेल्या होत्या, काहींवर उतरत. मला वाटलं, म्हातारा माणूस, खाटेवर पडून ओढल्या असतील. मी एका शब्दानं विचारलं नाही. सॉफ्टवेअरला तसंही तिरकी रेघ माहीत नाही. दोघांचं लगेच जमलं.

शेवटच्या पुठ्ठ्यावर सूर संपल्यावर नुसते ठिपके होते, मोठ्या ढोलाचे. सदतीस. चाराच्या घरात सदतीस बसेनात. एक ठिपका उरत होता, एकटाच, नव्या ओळीवर. पान फार वाईट दिसत होतं. मी तो काढला. छत्तीस, नऊ घरं, पान भरलं. स्पायरल बांधून घेतलं, वर सोनेरी कागद लावला आणि चालीचं नाव छापलं: परतीचा घाट.

मास्तरांनी पानं उलटली. मी स्पीकर आणला होता. संगणक ती चाल वाजवून दाखवतो, रोबोटनं वाजवल्यासारखी, पण वाजवतो. मास्तरांनी खाटेवर आडवं होऊन डावा कान स्पीकरला लावला. पूर्ण ऐकलं. मी शालीची वाट बघत उभा.

"गड्या," ते उठून बसत म्हणाले, "हे सपाटावरनं चाललंय."

मला कळलं नाही. त्यांनी काठी घेतली आणि मला घेऊन बाहेर पडले. शेडच्या मागं एक माळ आहे, बऱ्यापैकी चढाचा, वर एक कडुलिंब. म्हणाले, चल. चालताना मास्तर स्वतःचं लहानपण सांगत होते, आणि मी दमत होतो. दिवाळीनंतर त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी घाट चढून परत यायचे. मास्तर सहा-सात वर्षांचे असल्यापासून सोबत. मेंढरू सपाटाला पळतं, उताराला घरंगळतं, चढाला एकेक पाय मोजतं. घाट चढताना माणसाला लांब बोलता येत नाही. चार शब्द, दम. सहा शब्द, दम. म्हणून ते सात आणि नऊ आणि पाच. निम्म्या चढावर ते थांबले आणि मला त्या चालीची पहिली ओळ गुणगुणायला लावली. मी गुणगुणलो. दम लागला होता, म्हणून ती आपोआप तिथंच तुटली, जिथं त्यांनी पाणवठा काढला होता.

"कळलं व्हय?" मास्तर म्हणाले. "रेघ वर गेली का वाजवणाऱ्याच्या डोळ्याला चढ दिसला पायजे. डोळ्याला दिसला की पाय जड पडतो. मग सूर बरोबर येतोय."

म्हणजे वीस वर्षं ज्या माणसानं फणी मुद्दाम तिरकी ओढली होती, त्याचा सगळा घाट मी पंधरा दिवसांत सपाट करून, वर सोनेरी कागद लावून दिला होता. लिंबाखाली पोचल्यावर त्यांनी विचारलं, ठिपके किती छापलेस. मी खरं सांगितलं.

"घाटाच्या माथ्यावर आमचे आबा मेंढरं मोजायचे. सदतीस व्हती आमची. तू एक घाटातच सोडलंस की रं."

रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी जेवलो नाही, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे सुनीताला सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं की मोहरीएवढा ठिपका तुम्हाला का खुपला. मी म्हटलं, तो लावता येईल गं, पण रेघा कशा चढवू, सॉफ्टवेअर तिरकी रेघ घेत नाही. सहा दिवस उरलेत, फलटणची माणसं येणार, आणि मास्तरांचा कान रोज थोडा कमी होतोय. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पत्रिकेच्या कोपऱ्यात ते 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तिरकं छापता की तुम्ही. ते कसं करता?"

ती ओळ मी आयुष्यात किती वेळा तिरकी केली असेल, त्याची गणती नाही. पुतण्यांच्या, भाच्यांच्या नावांसकट, फुलाच्या वेलीखाली, छान वर चढत जाणारी. त्या पत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये काहीही हवं तेवढं कलतं. मी सुरांची एकेक ओळ चित्र म्हणून उचलली, पत्रिकेत नेली, पुठ्ठा शेजारी ठेवला, कोनमापकानं कोन मोजला आणि ओळ तेवढीच तिरकी केली. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक. दहावीनंतर पहिल्यांदाच त्याला काम मिळालं. अकरा पुठ्ठ्यांच्या ओळी, त्यातही क्लॅरिनेटची वेगळी, कॉर्नेटच्या छोट्या पितळी तुतारीची वेगळी, ढोलाची वेगळी. सदतिसावा ठिपका मी नव्या ओळीवर एकटा ठेवला. पान वाईट दिसत होतं. मी हात पाठीमागं बांधून त्याच्याकडं बघायची सवय केली.

त्यात एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. जाळ्यांवर माल, आणि पाण्याचे चार थेंब पडले तरी तो काळा पडतो. सगळे ताडपत्र्या ओढायला धावले, मीही धावलो, माझ्याकडून एक ताडपत्री उलटीच टाकली गेली. मास्तर मात्र खोलीच्या दारात पुठ्ठे छातीशी धरून उभे होते. सुमनताईंनी एकदा मालाकडं बघितलं, एकदा अण्णांकडं, आणि हातातली ताडपत्री आधी त्यांच्या खोलीच्या पत्र्यावर टाकली, जिथं पाऊस आला की गळायचं. पाऊस आलाच नाही. वारा आला आणि गेला. पण ते बघितल्यावर मी त्या रात्रीचं जेवण नीट जेवलो आणि दुसऱ्या दिवशी सगळे कोन पुन्हा मोजले.

फलटणची माणसं टेम्पोतून आली. अकरा जण, त्यांचे पुढारी एक निवृत्त हवालदार, मिशीवाले. माझी पानं हातात घेऊन त्यांनी मान एका बाजूला कलवली, मग कागद कलवला, मग माझ्याकडं बघून अगदी नम्रपणे विचारलं, मशीन बिघडलं होतं काय. मी म्हटलं, मास्तरांना विचारा. मास्तरांनी त्यांना काही समजावलं नाही. माळाच्या पायथ्याला उभं केलं, वाद्यांवर कागद अडकवायला लावले आणि स्वतः काठी टेकत वर जाऊन लिंबाखाली खुर्चीत बसले, डावा कान खाली करून. निवडणाऱ्या बायका हात पुसत बाहेर आल्या. सुनीताही आली होती. मी तिच्या मागं उभा राहिलो, कारण काही चुकलं तर लपायला तेवढीच जागा होती.

पहिल्या दोन ओळी सपाट होत्या, तिथं ते परेडसारखे चालले. मग रेघ वर गेली आणि माळही. मी शप्पथ घेऊन सांगतो, त्या अकरा माणसांचे पाय एकदम जड झाले. हवालदारांची मिशी घामानं चमकत होती. क्लॅरिनेट चार सूर म्हणायची आणि दम घ्यायची, कॉर्नेट सहा म्हणायचं आणि दम घ्यायचं. मध्येच काठी आली, सगळे गप्प. मग ती चार पावलं, नुसती पायाखालची खडी वाजली. कुत्र्याचं शेपूट आलं तेव्हा त्या आजींनी मला कोपरानं ढोसलं. मास्तर हलत नव्हते. फक्त त्यांच्या गुडघ्यावरची बोटं चालत होती, एक पुढं, एक मागं.

माथ्यावर सूर संपले. ढोलवाला ठिपक्यांना आला. मास्तरांनी त्याला हातानं जवळ बोलावलं, इतकं जवळ की ढोल खुर्चीला टेकला, आणि ढोलाच्या दुसऱ्या बाजूच्या कातड्यावर तळहात ठेवला. ढोलवाला एकेक ठोका देत गेला. मास्तरांचे ओठ मोजत होते. छत्तीसला तो क्षणभर थांबला, कारण पुढचा ठिपका नव्या ओळीवर होता आणि त्याला नजर खाली न्यावी लागली. मग सदतिसावा पडला.

मास्तरांनी हात काढला नाही. थोड्या वेळानं मला खुणेनं बोलावलं, माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं डाव्या कानाला बोट लावून म्हणाले, "आता ह्यो गेला तरी चालतंय."

तो गेला. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्याही थोडा आधी गेला. मास्तर आहेत. आता बोलायचं तर पाटीवर लिहावं लागतं, आणि ते माझं अक्षर सरळ असल्याबद्दल मला नावं ठेवतात. दर वर्षी धुरीचा वास आला की मी एक संध्याकाळ शेडवर जातो. फलटणकर अजून त्यांच्या तालमीत ती चाल वाजवतात, हवालदार मला फोनवर ऐकवतात. मी मास्तरांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी ती चालवून दाखवतो. माझी बोटं चुकली तर ते ओळखतात. अजून.

मी त्या माणसाचं काय देणं लागतो, ते मला नीटसं सांगता येत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं नाव, गाव आणि मुहूर्त छापत आलो, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. एकच कागद असा छापला ज्याच्यावर माणसं चालली. तोही पहिल्यांदा चुकीचा छापला होता, आणि चूक सुधारायची युक्ती भाकरी थापणाऱ्या बाईची होती. एवढं सगळं काढल्यावर माझ्या वाट्याला जे उरतं, ते मला पुरतं.

त्या दिवशी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या खिशात पुन्हा बेदाणे होते. सुनीतानं चहा ठेवला. मी उगीच स्वयंपाकघरात उभा राहिलो, आणि सवयीनं हात दाराशेजारच्या कॅलेंडरकडं गेला. डावी बाजू खाली, उजवी वर, नेहमीसारखं.

"राहू द्या तसंच," सुनीता चहा गाळता गाळता म्हणाली. "तिथं चढ असेल."